आकाशातील उडी

निवृत्तीनंतर मी पॅसिफिक महासागरातील ओआहू बेटावर गेलो असता, विमानातून उडी घेण्याचा योग आला. हवाई छत्री होती माझ्या तरुण शिक्षकाच्या पाठीवर. चार बळकट कड्यांनी त्याने मला आपल्या पुढ्यात जखडून घेतले होते.

विमान सुमारे ४ किलोमीटर उंचीवर पोहोचले. दार उघडताच वारा गर्जत आत शिरला. खाली निळा सागर पाहून माझे पाय लटपटू लागले. शिक्षकाने शेकडो उड्या घेतल्या होत्या; तरीही त्याने प्रत्येक पट्टा पुन्हा ओढून पाहिला.

आम्ही उडी घेतली! ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने आम्ही कोसळू लागलो. मागे फडफडणारी एक लहान छत्री आमचा वेग आवरीत होती. मिनिटभराने मोठी छत्री उघडली आणि वाऱ्याचा गोंगाट एकाएकी शमला. मग काही मिनिटे संथपणे तरंगत आम्ही गवतावर उतरलो.

मुलांनो, लोक माझ्या धाडसाचे कौतुक करतात. मला मात्र पट्टे तपासणारे ते हात आठवतात. शेकडो वेळा केलेले काम जो पहिल्या दिवसाच्या काळजीने करतो, त्याच्या भरवशावर दुसऱ्याला निःशंकपणे उडी घेता येते.

स्वाध्याय
१. लहान छत्रीचा उपयोग कोणता?
२. लेखकाला शिक्षकाचे हात का आठवतात?