हँडबिलांच्या गठ्ठ्यांविषयी

सातारा,
४ नोव्हेंबर

चि. मुक्ता,

तुझं पत्र पोचलं. उद्या रंगभूमी दिन, म्हणजे सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदकाची गडबड असणार, आणि तू मात्र नाटकांच्या जुन्या जाहिरातींच्या गठ्ठ्यांत बुडालेली. मला तर हेवा वाटला. तुमच्या ग्रंथालयाचे साहेब म्हणतात, "नाटकांच्या नावाने लावून टाका." तू विचारतेस, त्यापेक्षा नाटककारांच्या नावाने लावू का? माझं ऐकशील तर दोन्ही नको.

हँडबिल नाटकाचं नसतं, एका रात्रीच्या प्रयोगाचं असतं. देवलांचं 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं आणि पुढे कितीतरी मंडळ्यांनी ते केलं. ती सगळी पत्रकं 'शारदा'च्या एका फाइलीत कोंबलीस, तर अभ्यासकाला नाटकाचं नाव तेवढं मिळेल, आणि ते त्याला आधीच ठाऊक असतं. त्याला हवं असतं ते वेगळंच: मंडळीचा मुक्काम कुठे होता, तिकिटाचे दर काय होते, स्त्रियांना बसायची निराळी सोय होती का, शारदेच्या भूमिकेत कोण होतं. म्हणून एका कागदाची एक नोंद कर आणि नोंदीचा कणा प्रयोग धर. कागद मात्र देणगीदाराने बांधले त्याच क्रमाने राहू देत. एखाद्या शौकिनाने पाहिलेल्या प्रयोगांच्या ओळीने ते ठेवले असतील, तर तो क्रम हाही पुरावाच आहे. नाटक, नाटककार, नट, गाव यांच्या सूच्या संगणकावर हव्या तितक्या करता येतात. एकदा विस्कटलेला गठ्ठा पुन्हा लागत नाही.

आणि नोंदीत 'प्रयोग झाला' असं लिहू नकोस, 'प्रयोग जाहीर झाला' असं लिही. प्लेगमुळे, पावसामुळे, नटाचा घसा बसल्यामुळे जाहीर केलेले खेळ रद्द होत किंवा ऐन वेळी बदलत. खेळ खरंच झाला का, हे 'केसरी', 'ज्ञानप्रकाश' चाळणाऱ्याने ठरवावं.

सगळ्यात जास्त डोकं तुला साल काढताना लागेल. हँडबिल आठवड्याभराच्या गरजेपुरतं छापलेलं. त्यावर वार असतो, तारीख असते, कधी तिथी असते, पण साल बरेचदा नसतंच. ज्याच्या हातात कागद पडायचा त्याला साल सांगायची गरज काय? अशा वेळी वार आणि तारीख जुळवायची. समज, 'शुक्रवार ता. ८ जुलै' असं आहे. हा योग १९१०, १९२१, १९२७ आणि १९३२ या सालांत येतो. आता मजकूर पाहा: 'मानापमान', आणि एकाच खेळात बालगंधर्व व केशवराव भोसले. 'मानापमान' मुळात आलंच १९११ मध्ये, म्हणून १९१० गेलं. केशवराव १९२१च्या ऑक्टोबरात वारले, म्हणून पुढची दोन्ही गेली. उरला टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला १९२१चा संयुक्त 'मानापमान'. तो प्रयोग इतका गाजलेला की त्याचं साल कोणीही सांगेल, पण आडगावच्या मुक्कामातल्या खेळालाही हीच रीत लागू पडते. तिथी असेल तर जुनं पंचांग काढ, काम आणखी सोपं होतं. शक असेल तर ७८ मिळव. शक पाडव्याला बदलतो, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. असं काढलेलं साल चौकोनी कंसात घाल आणि ते कशावरून काढलं ते शेऱ्यात लिही. कागदावर छापलेलं आणि तू ठरवलेलं, यांची सरमिसळ कधी होऊ देऊ नकोस.

तळाची बारीक ओळ चुकवू नकोस. १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं आणि छापल्या जागेचं नाव घालणं सक्तीचं केलं होतं. छापखाना कधी निघाला, कधी बंद पडला, कधी त्याने पत्ता बदलला, यावरूनही काळ आवळता येतो. छापखान्यांची एक वेगळी यादी आत्तापासूनच करत जा.

गावांच्या बाबतीत सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास तुला छळणार. तासगाव, वाळवे पूर्वी सातारा जिल्ह्यात. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०च्या सुमारास त्याचं नाव सांगली पडलं. 'तासगाव, जि. सातारा' असं दिसलं की चूक समजून दुरुस्त करू नकोस. छापलंय तसं एका रकान्यात, आजचा जिल्हा दुसऱ्यात. आणि 'शाहूनगरवासी नाटक मंडळी' वाचून कोणी प्रयोगाचं ठिकाण सातारा टाकलं, तर त्याला माझ्याकडे पाठव! मंडळी साताऱ्याची खरी, पण गणपतराव जोशांचा हॅम्लेट तिने गावोगाव नेला. नावातलं गाव निराळं, मुक्कामाचं निराळं.

नटांच्या नावांत तर खड्डेच खड्डे. नुसतं 'रा. कोल्हटकर' असेल तर ते भाऊराव, श्रीपाद कृष्ण की चिंतामणराव? भाऊराव १९०१ मध्ये गेले, श्रीपाद कृष्ण नाटककार, चिंतामणराव बळवंत संगीत मंडळीचे. मंडळी आणि काळ पाहून ठरव, नाही ठरलं तर तसंच सोड. नारायण श्रीपाद राजहंस आणि बालगंधर्व ही नावं एकमेकांना जोडून ठेव. नाटकांच्या सूचीत 'संगीत' हा शब्द क्रमासाठी धरू नकोस, नाहीतर अर्धी मराठी रंगभूमी 'स'खाली जाऊन बसेल. 'संशयकल्लोळ' मात्र तिथेच राहू दे, बिचाऱ्याचं नावच तसं.

सांगलीत असल्यामुळे आज ना उद्या कोणीतरी विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या 'सीतास्वयंवरा'चं हँडबिल घेऊन येईल. नम्रपणे चहा पाज. तो खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने, दरबारात झाला. तिकीटच नव्हतं, तर जाहिरात कोणासाठी? भाव्यांनी तिकीट लावून खेळ केले ते पुढे, १८५३ साली मुंबईला, ग्रँट रोडच्या थिएटरात.

गठ्ठ्यांत तमाशाची पत्रकंही आहेत आणि साहेब ती 'किरकोळ'मध्ये टाका म्हणतात, हे वाचून मला राग आला. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातले. त्या कागदांना त्याच मालिकेतले दाखलअंक दे. फडाचं नाव, सरदार, सोंगाड्या, नाचणारणी, सगळी नावं नोंदव. नाटक मंडळ्यांवर पुस्तकं लिहिली गेली. फडातल्या कित्येक बायकांचं नाव त्या पत्रकांपलीकडे कुठेच छापलेलं नसेल.

कागदाचं थोडक्यात सांगते. टाचण्या, स्टेपल काढ, गंजतात. चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशनला कोणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हण, ते परत सोडवता येत नाही. दाखलअंक मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. आम्लविरहित कागदाची पाकिटं मागवून घे. रंगीत हँडबिलांचा रंग ओल लागताच उतरतो आणि शेजारच्या कागदाला लागतो, म्हणून ती वेगळ्या पाकिटांत घाल, पाकिटं क्रमातच ठेव. आणि काहीही झालं तरी पेट्या तळमजल्यावर ठेवू नकोस. २००५, २०१९, २०२१, कृष्णेने तीनदा बजावलंय. हा मुद्दा साहेबांना लेखी दे, प्रत आपल्याकडे ठेव.

स्कॅन करताना पाठीमागची बाजू कोरी दिसली तरी घे. कधी तिथे पदं छापलेली असतात, कधी कोणी किराण्याचा हिशेब मांडलेला असतो, कधी खेळ पाहून आलेल्याने दोन शब्दांत मत दिलेलं असतं. हाताने लिहिलेलं सगळं जसंच्या तसं उतरव, शिवी असली तरी.

पहिल्या पन्नास नोंदी झाल्या की मला पाठव, लाल पेन घेऊन बसते. पुढच्या महिन्यात मिरजेला यायचंय, तेव्हा गठ्ठे पाहायला येईनच. दादाला म्हणावं, कंदी पेढे आणते, पण ते ग्रंथालयात न्यायचे नाहीत, मुंग्या लागतात.

तुझी,
आत्या