गोळी मानवत नाही? मग तसं सांगा

गेल्या महिन्यात एसटीचे एक वाहक तपासायला आले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, 9.5. "गोळ्या वेळेवर घेता ना?" विचारल्यावर आधी मान डोलावली, मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, ती मेटफॉर्मिन घेतली की घाटात पोटात कळ येते. गाडीभर माणसं, थांबवायची कुठे? ड्युटी असली की घेतच नाही." ड्युटी आठवड्यातले सहा दिवस.

यात त्यांचा काहीच दोष नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्या साधारण चार-पाच जणांत एकाला मळमळ, जुलाब, पोट फुगणं असा त्रास होतो. शंभरातल्या पाचेक जणांना ती अजिबात सोसत नाही. घरचे म्हणतात, "औषध गरम पडलं." खरं कारण आतड्यात आहे. हे औषध रक्तापेक्षा आतड्याच्या भिंतीत कितीतरी पटींनी जास्त साठतं. ते पेशींतून वाहून नेणारी काही प्रथिनं असतात. त्यांतलं ओसीटी१ हे प्रथिन काहींच्या अंगात जन्मतःच कमजोर असतं, आणि अशांना पोटाचा त्रास जास्त होताना दिसतो. म्हणूनच एकाच घरात भावाला पचलेली गोळी बहिणीला पचत नाही. ॲसिडिटीची ओमेप्राझोल चालू असेल तर तेही सांगा, तीही या प्रथिनाच्या कामात अडथळा आणते.

पण मेटफॉर्मिनवर लगेच फुली मारू नये. बहुतेकदा सुरुवातच मोठ्या डोसने झालेली असते. 500 मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, आठवड्या-आठवड्याने वाढवत नेली तर अनेकांचं पोट सरावतं. सावकाश विरघळणारी एसआर गोळी आणखी सौम्य. ती तोडू नका, चावू नका. तिचं रिकामं कवच कधी शौचात दिसतं, घाबरू नका. वाहकांना हीच गोळी रात्रीच्या जेवणासोबत दिली. आता घाट निवांत पार होतो.

इतर औषधांच्या तऱ्हा वेगळ्या. डापाग्लिफ्लोझिनने रोज साधारण 70 ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशी वाढून खाज सुटते. बायका हे महिनोन् महिने अंगावर काढतात, संकोचाने बोलत नाहीत. ताई, हा औषधाचा परिणाम आहे, त्यावर सोपा उपचार आहे, जरूर बोला. ग्लिमेपिराइड घेऊन एकादशी कडक पाळली तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास बाजूला ठेवून लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पायोग्लिटाझोनने पायांवर सूज येऊ शकते. हृदय कमजोर असेल तर ती आम्ही टाळतो. मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, 30 च्या खाली गेली की मेटफॉर्मिनही बंद.

मधुमेहावर आज अनेक प्रकारची औषधं आहेत. एक सोसलं नाही तर दुसरं देता येतं. मात्र तुम्ही गोळी गुपचूप टाळलीत, तर वाढलेली साखर बघून आम्ही डोस आणखी वाढवतो आणि त्रासही वाढतो. पुढच्या वेळी येताना रिपोर्टसोबत उरलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपही आणा, आणि कुठली गोळी कधीपासून घेत नाही, ते बसल्या बसल्या आधी सांगा.