आधी बघा, मग लावा

मुलाच्या अंगावर काही उठलं की आई-वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, काय लावू?’ हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर बरंच काही लावूनही झालेलं असतं. मेडिकलवाल्याने काढून दिलेली ट्यूब, मोठ्या भावाच्या वेळची उरलेली ट्यूब, शेजारच्या काकूंना गुण आलेलं मलम आणि वर आजीचं हळद-तूप. या थरांखाली मूळ पुरळ कसं होतं ते मग ओळखूच येत नाही. म्हणून आज औषधांची नावं थोडी आणि बघायचं कसं हे जास्त सांगणार आहे. हे बघणं मी पुस्तकांपेक्षा मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरांकडून अधिक शिकले.

मुरलेली सिस्टर मुलाला आधी खिडकीपाशी घेते. पिवळ्या बल्बखाली लालीही लपते आणि कावीळही. मग सगळे कपडे उतरवते, डायपरसुद्धा. तक्रार हाताची असली तरी तिची नजर टाळूपासून तळव्यांपर्यंत फिरते. कानामागे, मानेच्या वळ्यांत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, जांघेत. हाताची पालथी बाजू लावून जागा गरम आहे का ते पाहते. बोटाने हलकेच दाबून टणक आहे की आत पू साचलाय याचा अंदाज घेते. तोंडाने आईशी बोलणं चालूच असतं. पहिला फोड कुठे आला? खाज दिवसा जास्त की रात्री? घरात आणखी कोण खाजवतं? ताप होता का? नवं औषध सुरू केलंय का? सूज पसरते आहे अशी शंका आली तर ती बॉलपेनने कडेकडेने रेघ ओढते आणि बाजूला वेळ लिहून ठेवते. संध्याकाळी सूज रेघेबाहेर गेलेली दिसली की वाद घालायला जागाच उरत नाही.

यातलं जवळजवळ सगळं घरी करता येतं. जोडीला मोबाइलवर फोटो काढा, रोज त्याच जागेचा आणि त्याच उजेडात. पित्ताच्या गांधी तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत विरूनही जातात. तेव्हा फोटो हाच पुरावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्वचारोगांच्या पुस्तकांतली बहुतेक चित्रं वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीची होती. आपल्या सावळ्या-काळ्या मुलांच्या अंगावर ‘लाली’ लाल दिसेलच असं नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा नुसतीच गडद दिसते. त्यामुळे डोळ्यांइतकाच हातावर भरवसा ठेवा. गरम लागतंय, ताणून चकाकतंय, हात लावला की मूल आक्रसतंय, एवढ्यावरून दाह ओळखता येतो.

ताप आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके एकत्र दिसले तर काचेचा साधा पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबून धरा. साधं पुरळ दाबाखाली फिकं पडतं. काचेखालीही ठिपके तसेच राहिले तर त्वचेच्या आत रक्त झिरपलेलं असतं. ते डेंग्यूत दिसतं, मेंदूज्वराच्या जंतूंचा संसर्ग रक्तात पसरला तरी दिसतं. अशा मुलाला सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या. गडद त्वचेवर हे ठिपके तळवे, तळपाय आणि पापणीच्या आतल्या बाजूला लवकर सापडतात.

आता खरजेकडे वळू. घरोघरी सर्वांत जास्त चुकीचे उपचार होतात ते हिच्यावरच. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर ती घरभर पसरलेली असते. मूल रात्री अंथरुणात गेलं की खाजवून हैराण होतं. मोठ्या मुलांत बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवतीची जागा आणि मुलग्यांचं लिंग इथे बारीक फोड दिसतात. तान्ह्या बाळांत मात्र ते तळहात, तळपाय, चेहरा आणि डोक्यावरही येतात. म्हणूनच ‘उष्णतेचं असेल’ म्हणून बाळाच्या तळपायावरच्या फोडांकडे दुर्लक्ष होतं.

पाच टक्के परमेथ्रिनचं क्रीम हे उत्तम औषध आहे. ‘लावून पाहिलं, फरक नाही’ असं ऐकलं की मी औषध बदलत नाही, कसं लावलं ते विचारते. नव्वद टक्के घोळ तिथेच सापडतो, असं म्हटलं तरी चालेल. क्रीम फक्त फोडांवर लावून उपयोग नाही. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली, बेचक्यांत, जांघेत, सगळ्या अंगाला लावायचं. लहान बाळांना डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून डोक्या-चेहऱ्यालाही. रात्री लावायचं, आठ ते चौदा तास ठेवायचं, मग आंघोळ. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. तान्हं बाळ हात तोंडात घालत असेल तर हातमोजे घाला. आठवड्याने हा सगळा कार्यक्रम पुन्हा एकदा. दोन महिन्यांखालच्या बाळाचं औषध डॉक्टरांनीच ठरवायचं.

सर्वांत महत्त्वाचं, घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. आजोबा म्हणणार, ‘मला काही होत नाही.’ त्यांनाही लावा. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. धुता येत नाही ते तीन दिवस पिशवीत बंद करून ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर किडा फार टिकत नाही. वसतिगृह किंवा आश्रमशाळेतून मूल सुट्टीला आलं असेल तर तिथल्या अधीक्षकांना कळवा. एका खोलीतल्या एकाच मुलावर उपचार करून खरूज जात नाही. आणि किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. त्या काळात घाबरून परमेथ्रिन रोज लावत बसू नका. त्याने कातडी कोरडी पडून खाज उलट वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. दुर्लक्ष कसं होतं ते ओपीडीत रोज दिसतं. लाजेपोटी लोक ‘ॲलर्जी’ म्हणतात आणि खाजेच्या गोळ्या खात राहतात. खरजेत लाजण्यासारखं काही नाही. ती गर्दीने पसरते, अस्वच्छतेने नाही.

खाजवून फुटलेल्या जागी जंतू शिरले की मधाच्या रंगाच्या खपल्या धरतात, बहुधा नाकातोंडाभोवती आणि पायांवर. खपली कोमट पाण्याने भिजवून मऊ करा, हलक्या हाताने काढा, मग डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक मलम लावा. खपलीवर लावलेलं मलम आत पोहोचतच नाही. मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा, नखं कापा. हे फोड बरे झाल्यावर तीनेक आठवड्यांनी सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसले, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर ताबडतोब दाखवा. काही जंतूंच्या संसर्गानंतर मूत्रपिंडांना सूज येते आणि रक्तदाब वाढतो. पालकांना कातडीवरचा जुना फोड आणि आताची लघवी यांचा संबंध लागत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गजकर्णाबाबत माझं मत थोडं कडक आहे. बाजारात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र कालवलेल्या ट्यूब मिळतात. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. स्टेरॉइड खाज दाबतं आणि त्याच वेळी बुरशीला रान मोकळं करून देतं. चकत्यांची नेहमीची कड पुसली जाते, त्या पसरतात आणि डॉक्टरही फसतात. मुलांची कातडी आधीच पातळ, ती विशेषतः जांघेत आणि चेहऱ्यावर आणखी पातळ होते, पांढुरके चट्टे आणि ताणाच्या रेघा राहतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे शब्द दिसले तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती मुलाला लावू नका. इसबासाठी स्टेरॉइड योग्य मात्रेत लागतंच, आणि तिथे भीतीपोटी ते टाळणं हीसुद्धा चूक आहे. प्रश्न औषधाचा नाही, निदान न करता लावण्याचा आहे. इसबाचं मूल असेल तर आंघोळ झाल्यावर अंग टिपून तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा, भरपूर लावा.

डायपरच्या पुरळाचं थोडक्यात सांगते. वळ्या सोडून फुगीर भागावर लाली असेल तर ती ओलाव्याची. वळ्यांच्या आतच लाली आणि भोवती सुटे बारीक फोड असतील तर बुरशीची. पहिल्याला उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइड पुरतं, दुसऱ्याला औषध लागतं. पावडर दोन्हींत नको.

जखमांकडे येऊ. भाजलं तर नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं धरा. घड्याळ लावून 20 मिनिटं, कारण रडणाऱ्या मुलाला धरून दोन मिनिटंही अर्ध्या तासासारखी वाटतात. भाजून तीन तास झाले नसतील तोवर याचा फायदा होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई, तूप, अंडं काहीच नको. बांगडी, कडं, अंगठी सूज येण्याआधी काढा. तान्ह्या बाळाचं बाकीचं अंग उबदार ठेवा. मुलाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठा भाग भाजला, किंवा चेहरा, हात, पाय, गुप्तांग, सांधे भाजले, किंवा विजेचा धक्का बसला, तर थेट रुग्णालय.

खरचटलं, कापलं तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंसोबत नव्या पेशीही मारतात, आणि मुलाला पुढच्या वेळी जखम लपवायला शिकवतात. ‘हवा लागू द्या, सुकू द्या’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने येते. तेव्हा पातळसं व्हॅसलिन, त्यावर न चिकटणारी पट्टी. कुत्रा-मांजर चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, मिरचीपूड-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. धनुर्वाताचे बूस्टर डोस 16 ते 24 महिने, 5 ते 6 वर्षं, 10 वर्षं आणि 16 वर्षं असे असतात, त्यातले शेवटचे दोन बऱ्याच घरांत राहून गेलेले असतात.

ड्रेसिंग बदलताना चिकटलेली पट्टी एका झटक्यात ओढण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने नुकतीच आलेली कातडी पट्टीसोबत निघते. सलाईनने पट्टी भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा, मग कडेकडेने सोडवा. दुखणार असेल तर डॉक्टरांना विचारून वजनानुसार पॅरासिटामॉल अर्धा-पाऊण तास आधी द्या. मुलाला टेबलावर झोपवून चौघांनी दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर बसवा. वॉर्डात हे करून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, नम्रपणे सांगा.

मूल ॲडमिट असेल तर आणखी दोन जागा रोज बघा. मोठ्या माणसांना पडून राहिल्याने माकडहाडापाशी जखमा होतात. लहान मुलांत डोकं अंगाच्या मानाने जड असतं, त्यामुळे त्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला होतात आणि केसांखाली दिसत नाहीत. दर दोन तासांनी डोक्याची बाजू बदला. ऑक्सिजन मोजणाऱ्या क्लिपची बोटावरची जागा बदलली जाते का, हेही विचारा. दुसरी जागा सलाईनच्या सुईची. तिथे सूज, गारवा किंवा ताण जाणवला, बाळ तो हात हलवत नसेल, तर सिस्टरला लगेच हाक मारा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मापासून निळसर डाग असेल तर घाबरू नका. आपल्याकडे ते पुष्कळ बाळांना असतात आणि काही वर्षांत फिके होतात. पण अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर नवा निळा-काळा डाग उठला तर कारण शोधायलाच हवं. रक्ताचा आजार असू शकतो, मार असू शकतो. सिस्टर तुम्हाला चार प्रश्न जास्त विचारतील, त्याचा राग मानू नका.

जखम दोन दिवसांनंतर कमी दुखण्याऐवजी जास्त दुखू लागली, पू किंवा वास आला, लाल रेघ हाता-पायावर वर चढू लागली, मूल मलूल झालं, तर घरचे उपाय थांबवा आणि दाखवायला या. येताना घरात लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून आणा आणि त्या दिवशी सकाळी मुलाच्या अंगाला काहीही लावू नका.