निदानाची रुजुवात

शिरूर

चि. बाळास,


दौंडच्या सरकारी दवाखान्यात रुजू होऊन महिनाही लोटला नाही तोच, परीक्षेत तोंडपाठ असलेली लक्षणे रुग्णापुढे बसल्यावर आठवत नाहीत, अशी खंत तू कळविलीस, ती वाचून मला समाधान वाटले. कारण स्वतःच्या निदानाविषयी ज्या वैद्याला शंका येत नाही, त्याची विद्या तेथेच थांबते.

पावसाळ्यात भीमाकाठच्या वस्तीवरून एखादी मजूर बाई पहाटे पोटात कळा येतात म्हणून येईल. ओकारी झालेली, पोट हाताला मऊ, अंगावर सूज वा जखम काही नाही. अशा वेळी अपचनाचे औषध लिहून मोकळे होण्याचा मोह अनावर होतो. तरीही, रात्री कोठे निजली होतीस, एवढे विचार, आणि जमिनीवर असे उत्तर आल्यास तिला वर पाहावयास सांगून पापण्या जड होऊन खाली येतात काय ते न्याहाळ. मण्यार बहुधा झोपेत डसते, दंश फारसा दुखत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही, आणि पोटदुखीमागून काही तासांत गिळणे व श्वास दोन्ही बंद पडू लागतात. म्हणून पहिला तर्क सुचताच, हा खोटा ठरला तर कोणता रोग या माणसाचा जीव घेईल, हा दुसरा प्रश्न मनाला घालीत जा.

आता मुख्य गोष्ट. तपासणीचे कागद येण्यापूर्वी आपले निदान कारणांसह वहीत मांड आणि मागाहून त्याची रुजुवात पाहा. रुग्ण ससून रुग्णालयात धाडला की खरा फैसला पुण्यास होतो. चौकशी केली नाहीस, तर तुझ्या दप्तरी तुझा चुकीचा तर्कच सत्य म्हणून कायम राहतो आणि अनुभवाच्या नावाखाली पुढच्या रुग्णाला बाधतो. आमच्या तालुक्यात वढू बुद्रुक येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेविली आहे. मृताच्या आप्तांची जबानी घेऊन मरणाचे कारण ठरविण्याची त्यांची पद्धत एकदा समक्ष पाहून ये.

महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्री जागून घाम, ओकारी, गार पडणारे हातपाय, रक्तदाब आणि फुप्फुसात साचणारे पाणी यांचा क्रम टिपला. त्या नोंदींतूनच प्राझोसिनचा उपचार सिद्ध होऊन १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हाताशी मोठी यंत्रसामग्री नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो, कारण यंत्रांच्या अभावाची तक्रार तुझ्याही पत्रात आहे.

पुढील पत्रात तुझे जे निदान फिरले असेल, त्याची हकीकत तपशीलवार कळीव. कोणते लक्षण दिसूनही तू बाजूस सारलेस, तेवढे मात्र अवश्य लिही.

तुझा,
मामा