सेवा गाण्याची की माणसाची?

आजचा श्लोक: गीता २.४७



कर्म आपल्या हातात, फळ नाही. हा श्लोक सगळ्यांना पाठ असतो. घरात कोणी आजारी पडलं की तो खरा कळतो.

कुमार गंधर्व आणि भानुमतीताईंचं लग्न १९४७ साली झालं. लवकरच कुमारजींना क्षयरोगाने गाठलं. डॉक्टरांनी गाणंच बंद केलं. देवासच्या घरात भानुमतीताईंनी वर्षानुवर्षं त्यांची शुश्रूषा केली. त्या स्वतःही गाणाऱ्या. गाणं थांबणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. १९५२च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि पुढे कुमारजी पुन्हा गायले.

आपण ही गोष्ट शेवट माहीत असताना वाचतो. त्यांना तो माहीत नव्हता. आवाज परत येईल या अटीवर केलेली सेवा पहिल्याच वाईट रिपोर्टला खचते. माणसासाठी केलेली टिकते. फळ सोडणं म्हणजे आशा सोडणं नव्हे. आशेला लावलेली डेडलाईन सोडणं.

आजचा अभ्यास: आपलं माणूस आजारातून सावरत असेल, तर “पुन्हा कधी सुरू करणार?” हे आज विचारू नका. “आज झोप लागली का नीट?” एवढंच विचारा.