छाप जुना, माल नवा

गोंदिया जिल्ह्यात एखाद्या मालगुजाराचा वाडा पडायला आला, की दोन माणसं दारात हमखास येतात. एक सागाचे खांब आणि दारं मागतो, दुसरा ‘घरात काही जुनं हत्यार आहे का’ म्हणून विचारतो. हा दुसरा माणूस घेतो तसाच विकतोही. मला जुन्या हत्यारांचा नाद आहे, त्यामुळे ओळखीचे लोक मला वस्तू दाखवतात. बहुतेक जण दाखवतात ते पैसे देऊन झाल्यावर.

गेल्या उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावकडच्या एका नातलगाच्या वाड्यावर असंच झालं. भिंतीवर आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात. नळी कधीच निकामी झालेली. घोडा आणि तो ज्या लोखंडी पट्टीवर बसतो ती पट्टी, म्हणजे लॉक, गायब होतं. ते एका फिरत्या व्यापाऱ्याकडून बावीस हजारांना घेऊन बसवलेलं. “मामा, शिक्का पाहा, राणीचा आहे!” भाचा कौतुकानं म्हणाला.

शिक्का राणीचाच होता. वर मुकुट, खाली ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि शेजारी साल १९०८. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. पेशावरजवळच्या दर्रा आदम खेलच्या कारागिरांनी हातानं बनवलेल्या नकली इंग्रजी बंदुकांवर नेमक्या अशा चुका सापडतात. राणी गेल्यानंतरची सालं, उलटं कोरलेलं ‘एन’ अक्षर. त्या कारागिरांना इंग्रजी वाचता येत नसे. समोर असेल ते चित्रासारखं उतरवायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

पण केवळ शिक्क्यावरून निकाल देऊ नये, म्हणून लॉक उतरवलं. बाहेरून दस्ता शंभर वर्षांच्या तेलानं काळा पडलेला, पण लॉक बसतं त्या खाचेत लाकूड कोरं, पिवळसर, पटाशीचे घाव ताजे. मूळ लॉकच्या खाचेत तेल आणि बारुदाची काजळी इतकी मुरलेली असते, की घासूनही जात नाही. इथे मात्र नवा तुकडा बसावा म्हणून खाच नुकतीच रुंद केलेली. मग लॉकचा पेच घेऊन गोंदियात आलो. राईस मिलची कामं करणाऱ्या एका लेथवाल्यानं थ्रेड गेज लावला आणि म्हणाला, “भाऊ, हे आटे मिलिमीटरचे आहेत.” त्या काळच्या इंग्लंडात आटे इंचावर मोजत. तिथे हा पेच येणार कुठून?

तेव्हापासून जो येईल त्याला मी एकच सांगतो. नकली बनवणारा अख्खी बंदूक क्वचितच बनवतो, तो भाग बनवतो. अस्सल नळीला नकली लॉक, अस्सल दस्त्याला नकली पितळी पट्ट्या. म्हणून ‘बंदूक खरी का?’ असं विचारू नका. प्रत्येक भाग वेगळा तपासा आणि दोन भाग जुळतात तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

गंज पाहा. वर्षानुवर्षांचा गंज गडद तपकिरी आणि घट्ट असतो. आम्ल लावून आणलेला गंज नारिंगी, सगळीकडे सारखा असतो आणि पांढऱ्या फडक्यावर लगेच उतरतो.

छाप भिंगाखाली धरा. ठोकलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असतात, खोली कमीजास्त असते. साच्यात ओतलेल्या भागाची अक्षरं बोथट दिसतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात. पितळी म्हणून दिलेल्या भागाला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे.

परदेशात राहणारे आपले काही नातेवाईक ली-एन्फिल्ड रायफली जमवतात. त्यांच्यासाठी आकडे महत्त्वाचे. मूळ रायफलीच्या मुख्य सांगाड्यावर आणि बोल्टवर एकच क्रमांक असतो. क्रमांक वेगळे असतील तर भाग बदललेला आहे. क्रमांक जुळतो, पण त्याखालचा धातू घासून खोलगट झालेला दिसला, तर तो पुसून नव्यानं ठोकलेला आहे.

मात्र भाग निरनिराळ्या ठिकाणचे आहेत एवढ्यावरून वस्तू नकली ठरवू नका. २०२५ साली महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली. ती ‘फिरंग’ आहे, पातं युरोपी आणि मूठ मराठा धाटणीची. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत भोसल्यांचं नाव आहे. आपला हा मुलूख रघुजींच्या काळी नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होता. पातं आणि मूठ यांचा हा मेळ वापरणाऱ्यांनी त्या काळीच घातला. गेल्या वर्षी कुणा वर्कशॉपात घातलेला मेळ वेगळा. नजर तयार करायची असेल तर नागपूरच्या अजब बंगल्यात आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन खरी हत्यारं निवांत पाहा.

आता सगळ्यात मोठा धोका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही ‘शस्त्र’च आहेत. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन बंदुकीला कलम ४५ सूट देतं, पण तिला चालू लॉक बसवलं, की ही सूट अडचणीत येते. माझ्या भाच्याला बावीस हजारांपेक्षा हीच गोष्ट जास्त महाग पडली असती. ली-एन्फिल्डसारखी .३०३ बोअरची बंदूक तर आपल्याकडे सामान्य नागरिकाला बाळगताच येत नाही. वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. ती देशाबाहेर नेता येत नाही आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो. व्यापाऱ्याकडे तो आधी मागा. जो टाळाटाळ करेल, त्याचा माल पाहायचीसुद्धा गरज नाही.

घरात आजोबांच्या नावावरची बंदूक असेल आणि परवानाधारक वारले असतील, तर ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मधल्या काळात तिला ‘पूर्ण’ करायला जाऊ नका. घोडा नसलेली आजोबांची खरी बंदूक नकली घोडा बसवलेल्या बंदुकीपेक्षा केव्हाही मोलाची.