तपासणी नॉर्मल, तरी तळपाय का जळतात?

तळपायांची आग, मुंग्या, उभे राहताच चक्कर, छातीत धडधड, घाम कमी-जास्त होणे, चार घास खाल्ले तरी पोट गच्च. अशा तक्रारी घेऊन आपण पायांच्या, हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांकडे वेगवेगळे जातो आणि संपूर्ण चित्र कोणापुढेच येत नाही. माझे निदान व्हायला इथे अमेरिकेत चौदा महिने लागले. त्यातून जे शिकले, ते मंडळाच्या वाचकांसाठी लिहीत आहे.

माझी नर्व्ह कंडक्शन तपासणी नॉर्मल आली आणि 'काळजीमुळे होत असेल' असे सांगण्यात आले. पण या तपासणीत जाड मज्जातंतू मोजले जातात. वेदना आणि गरम-थंड कळते ते बारीक तंतूंमुळे. घाम, नाडी, रक्तदाब, पचन सांभाळणारे तंतूही बारीकच. ते बिघडले तरी हा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. त्यांच्यासाठी घोट्याच्या वरच्या भागातून सुमारे ३ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून तंतूंची संख्या मोजतात. जागा बधिर करून हे दवाखान्यातच होते.

एक तपासणी घरी करता येते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब व नाडी मोजावी, मग उभे राहून १, ३, ५ आणि १० मिनिटांनी. जवळ कोणीतरी असावे. चक्कर आल्यास लगेच बसावे. पहिल्या तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, अथवा रक्तदाब न उतरता नाडी ३० ने वाढून तशीच राहिली, तर ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत. माझा वरचा आकडा २४ ने उतरत होता. कागदावरचे हे आकडे पाहिल्यावरच पुढच्या तपासण्या सुरू झाल्या.

कारणे शोधताना साखर आधी पाहावी. माझी उपाशीपोटीची साखर ठीक होती. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी मात्र ती १७२ निघाली. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. शाकाहारी मंडळींनी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ जरूर तपासावे. भारतातून आणलेल्या गोळ्या-टॉनिकांची यादीही डॉक्टरांना द्यावी: बी-१२ घेत असल्यास रक्तातली कमतरता झाकली जाते आणि बी-६ दीर्घकाळ जास्त घेतल्यास तेच मज्जातंतूंना अपाय करते. थायरॉइड व जोग्रेन यांसारखे आजारही तपासावे लागतात.

आता खर्चाचे. बायोप्सीपूर्वी विमा कंपनीची मंजुरी लागते का, हे विचारावे. तुकडा तपासणारी लॅब वेगळे बिल पाठवते, म्हणून तीही नेटवर्कमध्ये आहे ना, हे पाहावे. नकार आला तर बहुतेक योजनांत अपिलासाठी १८० दिवस असतात. डॉक्टरांचे पत्र जोडावे. प्रत्येक रिपोर्टची प्रत मागणे हा आपला हक्क आहे. सर्व प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात.

पायांतली ताकद झपाट्याने जाऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा श्वास अडला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता ९११ ला फोन करावा.

साखर आवरल्यापासून माझी आग निम्म्यावर आली आहे. पूर्ण गेलेली नाही. पण तिला नाव मिळाले, म्हणून उपाय सुरू झाला. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' असे ऐकल्यावर आपणही शांतपणे विचारावे: या तपासणीत कोणते तंतू पाहिले आणि कोणते पाहायचे राहिले?